विषय: कोमट होऊन आलेल्या कॉम्पिटंट सेल्स, बदलून द्या

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला, हा पाचवा. कॉम्पिटंट सेल्स म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणारे बॅक्टेरिया, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, ट्यूबवर उणे 80 डिग्री तुम्हीच छापलंय. मग मे महिन्यात परभणीला पार्सल पाठवताना ड्राय आइस इतका कमी का टाकला? डबा उघडला तर ट्यूबा हाताला कोमट. व्हिडिओ त्याच दिवशी मेल केलाय.

तुमचा माणूस म्हणला, "सर, प्रोटोकॉलमध्ये 42 डिग्रीचा हीट शॉक तुम्हीच देता ना, मग रस्त्यात थोडी गर्मी लागली तर काय बिघडलं?" मी म्हणलं अहो तो शॉक 45 सेकंदांचा, आधी सेल्स प्लाझ्मिडसोबत, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यासोबत, अर्धा तास बर्फात, मग 42 ला, की लगेच परत बर्फात, तेवढ्या झटक्यात डीएनए आत जातो, दोन दिवस कुरिअरच्या गोडाऊनमध्ये तापणं म्हणजे हीट शॉक नाही. तर म्हणतो, "तुमच्या भागात ऊनच जास्त, त्याला कंपनी काय करणार?" आमचं ऊन काय यंदा नवीन आलंय का? ऑर्डर घेताना पिनकोड बघितला नव्हता?

आणि शेवटी म्हणला, "विद्यार्थ्यांचा हात बसलेला नसेल." इथं माझं डोकं फिरलं. लेकरांनी सगळे कंट्रोल, म्हणजे पडताळणीच्या प्लेटा, लावले होते. साध्या एलबी प्लेटवर, म्हणजे नुसत्या बॅक्टेरियाच्या खाद्यावर, सेल्स भरभरून वाढल्या, अँपिसिलिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर, जिथं प्लाझ्मिड आत घेतलेल्या सेल्सच जगतात, एक कॉलनी नाही, तुमच्या कंट्रोल प्लाझ्मिडलासुद्धा नाही. म्हणजे सेल्स जिवंत, पण डीएनए आत घ्यायची ताकद गेलेली. मग त्याच लेकरांनी कॅल्शियम क्लोराइड वापरून स्वतः सेल्स तयार केल्या, तुमचाच जीएफपीचा, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जीनचा, प्लाझ्मिड टाकला, दुसऱ्या दिवशी यूव्हीखाली 11 कॉलन्या हिरव्यागार. जेलीफिशचा जीन आमच्या लॅबमधल्या बॅक्टेरियात चालला, वर्गात कुणी जेवायला जाईना.

1978 ला ई. कोलाय या बॅक्टेरियाकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं, 2000 साली त्याच ई. कोलायमध्ये एकमेकांना बंद करणारे तीन जीन बसवून लुकलुकणारं सर्किट केलं, हे सगळं पोरांनी पुस्तकात वाचलंय. ते हातानं करून बघावं म्हणून वर्षाचं प्रॅक्टिकलचं बजेट तुमच्या किटमध्ये घातलं. तुमचं नाव ऐकूनच घातलं, आणि ट्यूबा कोमट आल्या.

सोमवारपर्यंत नवीन सेल्स पाठवा, पुरेसा ड्राय आइस आणि टेंपरेचर लॉगर टाकून. नाहीतर मंगळवारी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज जाईल, कागद तयार आहेत. आणि ते "हात बसलेला नसेल" लेखी मागं घ्या, मला ते वर्गात वाचून दाखवायचंय.