वहिनींच्या वडिलांचा दहावा येतोय, म्हणून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. काल फोनवर तू वहिनींबद्दल विचारलंस, "मी तिच्यासाठी नेमकं काय करू?" गडबडीत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लग्न झालेल्या मुलीला वडिलांचं सुतक तीन दिवस धरतात. चौथ्या दिवशी सासरच्यांना वाटतं, झालं, आता ती मोकळी. माहेरी भेटायला येणारे भावाशी बोलतात, आईजवळ बसतात आणि मुलगी चहाचे कप आतबाहेर करत राहते. तिचे वडील गेलेत हे जणू कुणाच्या लक्षातच नसतं. म्हणून तेराव्यापर्यंत वहिनींना माहेरीच राहू दे. मुलांची शाळा, डबे, तुझ्या आईची म्हणजे काकूंची औषधं तू सांभाळ. "कधी येणार?" हे घरातून कुणी विचारायचं नाही, एवढं काकूंना तूच प्रेमाने सांग.

दहाव्याला वहिनी घाटावर येणार असतील तर त्यांच्या शेजारी उभा राहा. पिंडाला कावळा लवकर शिवला नाही की मागून आवाज येतात, "लेकीत जीव अडकलाय", "काहीतरी सांगायचं राहिलंय." बोलणारा घरी जाऊन विसरतो, मुलगी वर्षानुवर्षं विसरत नाही. खरं तर ऊन चढलेलं असतं, माणसं पिंडाला खेटून उभी असतात, आणि शेजारच्या चार पिंडांवर कावळ्यांचं पोट भरलेलं असतं. तेव्हा विधी सकाळी लवकर ठेवा, माणसांना वीस-पंचवीस पावलं मागे घ्या. गुरुजींशी आदल्या दिवशीच ठरव की अर्धा तास वाट पाहून दर्भाचा कावळा करायचा. ती रीत जुनीच आहे, त्यात काही कमी होत नाही.

सासूबाईंच्या बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र यांचाही विषय निघेल. वडील गेल्याच्या दुःखात आईचे हात मोकळे झालेले बघणं मुलीला फार जड जातं. सासूबाईंना नको असेल तर ठामपणे त्यांच्या बाजूने बोल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ही प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. भावकीतल्या मोठ्यांना हे माहीत असलं की वाद लवकर मिटतो.

"सावर स्वतःला", "निदान हाल तरी झाले नाहीत" असं काही बोलू नकोस. "मी त्यांना आधी डॉक्टरकडे नेलं असतं तर" हे वहिनी दहा वेळा म्हणतील. लगेच खोडायला जाऊ नकोस, दहाव्यांदाही पूर्ण ऐकून घे. आणि "काय खाशील?" असं विचारलं तर उत्तर "काही नको" असंच येणार. तू तिथे असशील तेव्हा न विचारता वाटीभर मऊ भात, वर तूप-मेतकूट, असं दर तीन-चार तासांनी समोर ठेव. पाण्याचा तांब्या हाताशी असू दे.

आता कागदपत्रं, कारण घोटाळे इथेच होतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. नोंदीतलं नाव आधार, बँक पासबुक आणि सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ. एक वेलांटी चुकली तर पुढे महिनोन्‌महिने हेलपाटे पडतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढ. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला आणि बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन परत घेतली जाते, म्हणून त्यांच्या एटीएममधून कुणी पैसे काढू नयेत. सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज त्याच वेळी द्या, पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत वडिलांच्या कपाटात असेल.

सगळ्यात जपायचं ते हक्कसोडपत्राला, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा सोडून देण्याच्या कागदाला. तेराव्याला सगळे जमलेत तर "बहिणींच्या सह्या आत्ताच उरकून घेऊ" असं कुणीतरी म्हणतंच. वारस नोंदीला हक्कसोड लागत नाही. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे अर्ज करायचा, त्यात सासूबाई, भाऊ आणि वहिनी अशी सगळ्या वारसांची नावं लागतात. हक्क सोडायचा की नाही हे वहिनींनी ठरवायचं, तेही सहा महिन्यांनी, शांत डोक्याने. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवायचं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. तू मात्र "घे" किंवा "सोड" यातलं काहीच म्हणू नकोस. जावयाने त्यात तोंड घातलं की भावाबहिणीत कायमचं वितुष्ट येतं. "आत्ता सही नको" एवढंच तुझं म्हणणं असू दे.

वडिलांचा मोबाइल बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, आणि रिचार्ज थांबला तर नंबर काही महिन्यांत दुसऱ्याला मिळतो. वहिनींच्या फोनवर व्हॉट्सॲपला वडिलांचे व्हॉइस मेसेज असतील, "पोचलीस का गं?" एवढेच असले तरी. त्यांना विचारून ती चॅट 'मीडियासह' एक्स्पोर्ट कर आणि दोन ठिकाणी ठेव. फोन बदलताना हेच आवाज जातात आणि मग जीव तळमळतो. त्यांचा वापरलेला एक सदराही न धुता बाजूला ठेवायला सांग, त्याला त्यांचा वास असतो.

तेराव्यानंतर माणसं पांगतात, फोन थांबतात, आणि खरं रडू साधारण तेव्हाच येतं. सण, त्यांचा वाढदिवस, पितृपक्ष, वर्षश्राद्ध या तारखा तुझ्या कॅलेंडरवर आत्ताच टाक आणि त्या दिवशी रजा घे. भाऊ बोलवो न बोलवो, वर्षश्राद्धाला दोघांनी जायचंच. दोन-दोन आठवडे झोप नाही, अंघोळ-जेवण सुटलंय, असं दिसलं तर डॉक्टरांना दाखव. "मलाही जगायचं नाही" असं एकदाही ऐकलंस तर त्याच दिवशी. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

दहाव्याला मी पहाटे पाचला निघतो. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. काकूंना आणि मुलांना न्यायचं असेल तर आदल्या रात्री कळव, घरी येऊन घेऊन जाईन.

तुझा मित्र