.४५ला निवृत्त करण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पिस्तुलांच्या काडतुसांवरचा लेख वाचला. ९ मि.मी.ची बाजू मांडताना लेखकाने .४५ एसीपीला, म्हणजे .४५ इंच जाडीच्या गोळीच्या पिस्तुली काडतुसाला, ‘आजोबांच्या जमान्यातलं’ म्हणून चार ओळींत निकालात काढलं आहे. त्यावर आलेल्या पत्रांत .४५च्या चाहत्यांनी नेहमीची टेप लावली: एक गोळी, काम तमाम. गेली कित्येक वर्षं हौस म्हणून दोन्ही काडतुसं वापरतो आहे. मला दोघांचंही पटलं नाही.

आधी चाहत्यांचं. ही दंतकथा फिलिपिन्समधली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोरो योद्ध्यांशी लढताना अमेरिकन सैन्याच्या .३८ लाँग कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही माणूस अंगावर येतच राहतो, अशी ओरड झाली. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि त्याखेरीज मृतदेहांवर चाचण्या घेतल्या आणि .४५हून लहान गोळी नको, असा अहवाल दिला. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं .४५ एसीपी काडतूस आणि त्याचं पिस्तूल त्याच मागणीत बसलं. २९ मार्च १९११ रोजी ते सैन्याने स्वीकारलं. मोजक्या जनावरांवरून काढलेला तो निष्कर्ष लोकांना शंभर वर्षं पुरला, याची गंमत वाटते. कारण नापास झालेलं .३८ लाँग कोल्ट होतं फारच मवाळ. त्याच्या गोळीची ऊर्जा आजच्या ९ मि.मी.च्या निम्म्याहून थोडीच जास्त. त्याचं अपयश ९ मि.मी.च्या खात्यावर मांडण्यात काय अर्थ?

हिशोबच करायचा तर .४५ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, आणि वेग सेकंदाला २५५ मीटरच्या आसपास. ९ मि.मी.ची ८ ग्रॅमची गोळी ३५० मीटरने जाते. दोन्हींची ऊर्जा ५०० ज्यूलच्या जवळपासच भरते. १९८६च्या मायामीतल्या चकमकीत गोळ्या लागूनही दरोडेखोर लढत राहिले, म्हणून एफबीआयने मोठ्या काडतुसांचे प्रयोग केले, १० मि.मी. आणि .४० वापरून पाहिली, आणि २०१५-१६च्या सुमारास पुन्हा ९ मि.मी.वर आली. नव्या धाटणीच्या गोळ्यांमुळे परिणामात फरक उरला नव्हता. उलट धक्का कमी म्हणून दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते, शिवाय पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये जास्त मावतात. इथवर लेखक शंभर टक्के बरोबर.

पण म्हणून .४५ बाद होत नाही. तिचे गुण या ‘ताकदी’च्या वादात कुणी पाहतच नाही. मुख्य गुण म्हणजे ती कमी दाबावर चालते. मानकाप्रमाणे .४५ एसीपीचा कमाल दाब दर चौरस इंचाला २१,००० पौंड, ९ मि.मी.चा ३५,०००. तिच्यात जड गोळीला सावकाश ढकललं जातं. मनगटाला .४५चा धक्का जास्तच बसतो, पण तो ढकलल्यासारखा, ९ मि.मी. टिचकी मारल्यासारखी उसळते. हे अर्थात माझ्या हाताचं मत.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. .४५ची नेहमीची गोळी मुळातच त्याच्या खाली, त्यामुळे हवेत आवाजाहून वेगवान गोळीचा तो चाबकासारखा फटका उमटत नाही आणि सायलेन्सर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ली-एनफिल्ड रायफलच्या सांगाड्यावर बेतलेली डी लाइल ही गुपचूप कारबाईन (आखूड रायफल) याच काडतुसासाठी बनवली, ती उगाच नाही. ९ मि.मी.ला आवाजाच्या वेगाखाली यायला खास जड गोळी घ्यावी लागते.

पुंगळ्यांचंही, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यांचंही, तसंच. दाब कमी म्हणून पितळ कमी ताणलं जातं आणि तीच पुंगळी पुनःपुन्हा भरता येते. एक त्रास मात्र आहे. हल्ली काही पुंगळ्या लहान प्रायमरच्या (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या) येतात, बाकीच्या मोठ्या प्रायमरच्या. उभी ठेवलेली पुंगळी वरून अगदी सारखी दिसते. ढिगात एखादी लहान मिसळली की पुंगळ्या भरायच्या प्रेसचा दांडा मध्येच अडतो, आणि मग सगळा ढीग उलटा करून एकेकीचं बूड बघत बसायचं.

कागदी लक्ष्यावरची गोष्ट तर मला सगळ्यांत आवडते. सपाट तोंडाची सेमी-वॉडकटर गोळी कागदात पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडते, साडेअकरा मिलिमीटरचं. भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेषेला नुसती टेकली तरी तिथे वरचे गुण मिळतात, म्हणजे ९ मि.मी.पेक्षा प्रत्येक बाजूला सव्वा मिलिमीटरची सवलत. अमेरिकेतल्या बुल्सआय या पिस्तूल नेमबाजीच्या प्रकारात .४५साठी ९०० गुणांचा स्वतंत्र भाग आजही आहे. आंतरराष्ट्रीय सेंटरफायर पिस्तूल स्पर्धेत गोळीच्या जाडीला ९.६५ मि.मी.ची मर्यादा असल्याने तिला प्रवेश नाही, हे आमचं दुर्दैव.

तोटे लपवत नाही. पन्नास काडतुसांचा डबा किलोच्या वर भरतो. ५० मीटरवर गोळी नळीच्या रेषेपासून वीसेक सेंटीमीटर खाली येते, ९ मि.मी.ची साधारण त्याच्या निम्मी. मूळ १९११च्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या, तर १९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने घेतलेल्या ९ मि.मी.च्या बेरेटात पंधरा. सैनिकाला काय द्यावं हा प्रश्न असेल तर माझंही मत ९ मि.मी.लाच. पण रेंजवर सकाळ घालवणाऱ्याला हे तोटे फारसे लागू नाहीत.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखासोबत .४५ एसीपी म्हणून छापलेल्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली रुंद कडा दिसते. एसीपीची कडा अंगाबाहेर येत नाही, आणि तिची पुंगळी जेमतेम २३ मि.मी. लांब असते. चित्रातलं ते लांबलचक काडतूस १८७३च्या रिव्हॉल्व्हरचं .४५ कोल्ट आहे. आजोबांच्या जमान्यातलं म्हणून हिणवलं नातवाला आणि फोटो छापला आजोबांचा.

आपला,
एक हौशी नेमबाज