मंदीतल्या खर्चाचा हिशेब तीन रकान्यांत मांडा: अर्थमंत्र्यांना पुण्याहून खुलं पत्र

प्रति,
माननीय श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया,

सविनय नमस्कार.

अर्थसंकल्पाआधी आपलं मंत्रालय नागरिकांकडून सूचना मागवतं. माझं म्हणणं चार ओळींत बसणारं नाही, म्हणून हे पत्र. मी पुण्यात हिशेब लिहिण्याचं काम करते. भोसरी-चिंचवडचे छोटे कारखानदार, पेठांतले दुकानदार, काही गृहरचना संस्था अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. मंदी आली की सरकारनं हात सैल सोडावा की आवळावा, यावर अर्थतज्ज्ञ काय म्हणतात ते आपल्यापर्यंत पोहोचतंच. लोक काय म्हणतात ते माझ्या टेबलापाशी ऐकायला मिळतं. समोर वही उघडी असते, त्यामुळे बोलणंही खरं असतं.

मंदीत सरकारनं खर्च करावा, वेळ पडली तर कर्ज काढून करावा, याला इथल्या माणसांचा विरोध नाही. ‘देश कर्जात बुडेल’ अशी काळजी कट्ट्यावर ऐकू येते. पण एमआयडीसीतल्या शिफ्ट बंद पडल्या तर करही गोळा होणार नाही, हे ती काळजी करणाऱ्यालाही कळतं. लोक बिथरतात ते पैसा कुठे गेला हे दिसत नाही म्हणून. वर्तमानपत्रात लाख कोटींचा आकडा वाचायचा आणि आपल्या गल्लीत, आपल्या गाळ्यात त्यातलं काय आलं ते शोधत बसायचं, असं दोन-तीनदा झालं की माणूस पुढच्या घोषणेवर विश्वास ठेवत नाही. मग खरोखर गरजेचा खर्च करायची वेळ येते तेव्हाही तो ‘वाटा आमचे पैसे’ म्हणून मोकळा होतो. हा अविश्वास दूर करणं आपल्या हातात आहे, आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

मे २०२० आठवा. १२ तारखेला पंतप्रधानांनी २० लाख कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. १३ ते १७ मे असे पाच दिवस आपण रोज पत्रकार परिषद घेऊन तपशील दिलात. त्या दिवसांत माझा फोन थांबत नव्हता. सगळ्यांचा प्रश्न एकच: ‘मॅडम, यात आपल्याला काय?’ उत्तर देण्यासाठी मी एकेक घोषणा सुटी करून पाहिली. त्या २० लाख कोटींत रिझर्व्ह बँकेनं बँकांना उपलब्ध करून दिलेल्या रोखीचे सुमारे ८ लाख कोटी होते. लघुउद्योगांसाठीचे ३ लाख कोटी म्हणजे बँकांनी द्यायच्या कर्जाला सरकारनं घेतलेली हमी होती. तिजोरीतून त्या वर्षी प्रत्यक्ष बाहेर पडणारी रक्कम एकूण आकड्याचा लहानसा भाग होती.

हमी देणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. २९ फेब्रुवारी २०२० ला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के जादा कर्ज, नवं तारण नाही, पहिलं वर्ष मुद्दलाचा हप्ता नाही, बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के. माझ्या एका गिऱ्हाइकाचं प्रेस शॉप त्या कर्जावर तगलं, कामगारांचे पगार निघाले. पण त्याच्याच शेजारच्या गाळ्यात दोन लेथवर जॉब वर्क करणारा एक माणूस आहे. त्यानं कधी बँकेचं कर्ज घेतलेलं नव्हतं. पैसे साठवून जुनी मशीन घ्यायची, ऋण काढायचं नाही, हीच त्याची शिस्त. त्याच्या बाकी कर्जाचे २० टक्के म्हणजे शून्य. ज्यांचं कर्ज पतसंस्थेचं होतं तेही बाहेर. आणि कर्ज मिळालेल्यालाही ऑर्डर काही त्या योजनेतून मिळाली नाही. ती बाजार उघडल्यावरच आली.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला आणि चाकण, पिंपरीत ‘ब्लॉक क्लोजर’च्या, म्हणजे मागणी नाही म्हणून काही दिवस कारखाना बंद ठेवण्याच्या, नोटिसा पुन्हा दिसू लागल्या. कायम कामगाराला त्या दिवसांचा काहीतरी पगार मिळतो, कंत्राटी मुलाला गेटवरूनच परत पाठवतात. २० सप्टेंबर २०१९ ला आपण कंपनी कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणलात, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के केलात. सरकारचा अंदाज होता की त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल. मात्र भोसरीतले बहुतेक गाळे कंपनी नाहीत. कुणाची प्रोप्रायटरी आहे, कुणाची भागीदारी. मालकी धंद्याला मालकाच्या वैयक्तिक स्लॅबप्रमाणे कर, भागीदारीला ३० टक्के. त्या दिवशी टीव्हीवर उद्योगाला मोठा दिलासा मिळाल्याची बातमी चालू होती आणि ज्यांना सगळे ‘उद्योग’ म्हणतात त्यांच्या करात एक रुपयाचाही फरक पडत नव्हता.

निवृत्तांचं म्हणणं दिल्लीत फारसं कुणी विचारत नाही, म्हणून तेही लिहिते. रिझर्व्ह बँकेनं २२ मे २०२० ला रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवर आणला. कर्जदाराला ते बरंच झालं. पण ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर १ एप्रिल २०२० पासून ८.६ वरून ७.४ टक्के झाला होता. तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे १५ लाख रुपये नव्यानं गुंतवणाऱ्याला वर्षाला १८ हजार रुपये कमी. पुण्यात व्याजावर घर चालवणारी माणसं थोडीथोडकी नाहीत. मंदीतून बाहेर येण्याचा एवढा भार त्यांनी निमूट उचलला आणि कुठल्याही पॅकेजच्या हिशेबात त्याची नोंद नाही. ही माणसं सरकारी खर्चाबद्दल कडवट बोलतात तेव्हा त्यांना स्वार्थी म्हणणं मला पटत नाही.

याउलट जे दिसलं ते लोकांनी मानलं. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं, जनधन खात्यांत बायकांना ५०० रुपये तीन महिने आले. रक्कम तुटपुंजी होती, पण ती आली नाही असं मला कुणी सांगितलं नाही. राज्य सरकारनं १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क ३ टक्के अंकांनी कमी केलं, तेव्हा डिसेंबरात पुण्यातल्या नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. त्या सवलतीचा फायदा घर घेऊ शकणाऱ्यांनाच झाला, हे खरं. तरी दर किती, कुणाला, कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यावर भांडण झालं तरी संशय नव्हता. २००९ च्या जागतिक मंदीतही तसंच. जानेवारीतल्या दुसऱ्या पॅकेजमध्ये केंद्रानं शहर बससाठी राज्यांना एकवेळची मदत देऊ केली. नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या बस पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, ताफ्यात आल्या, लोक त्यांत बसले. आपण भरलेल्या कराचं काय झालं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

महाराष्ट्रानं तर यापुढची पायरी फार पूर्वी गाठली आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरांत अजून सांगितला जातो: रेशनवरची परदेशी लाल ज्वारी म्हणजे मिलो, कामावर खायला मिळणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडलेल्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे देशाचा कायदा झाला त्याची मुळं इथली. पण मला आपलं लक्ष वेधायचं आहे ते या योजनेच्या पैशाकडे. १९७५ मध्ये राज्यानं व्यवसाय कर लावला तो या योजनेसाठी, आणि सरकारनंही आपला वाटा घातला. शहरातल्या पगारदारानं शिरूर-इंदापूरच्या पाझर तलावासाठी, रस्त्यासाठी, नाला बांधासाठी पैसे दिले. आजही पुण्यातल्या पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. या योजनेत खोटी हजेरीपत्रकं निघाली, अर्धवट कामं सुटली, त्यावर इथल्याच लोकांनी मोर्चे काढले. तरी मूळ तत्त्वाला सर्व पक्षांचा पाठिंबा राहिला. कारण कुणाकडून घेतलं, कशासाठी घेतलं आणि कुठे लावलं, हे तिन्ही प्रश्न विचारता येत होते.

हे प्रश्न विचारण्याची सवय या शहराला जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी कामांवरची मजुरी ब्रिटिश सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी रोजी एक पौंड धान्याच्या हिशेबावर उतरवली. मजूर कामं सोडून निघून गेले. तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. पुढे २६ मार्च १९०२ ला फर्ग्युसनमध्ये शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर भाषण केलं आणि विचारलं की दुष्काळ-प्लेगनं लोक गांजलेले असताना तिजोरीत वर्षामागून वर्ष शिल्लक कशी पडते. हे मी अभिमान मिरवायला लिहीत नाही. खर्च कमी पडतोय असं सरकारला आकड्यांनिशी सांगणारं हे लोकमत आहे, एवढंच आपल्या कानावर घालायचं आहे.

आता मागणी. यापुढे मंदीत कोणतंही पॅकेज जाहीर कराल तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचे तीन रकाने करा: तिजोरीतून या वर्षी खर्च होणारा पैसा, सोडून दिलेला कर, आणि कर्ज, हमी, रोख उपलब्धता. तिन्हींची बेरीज करून एकच मोठा आकडा सांगू नका. पहिल्या रकान्यातला आकडा लहान दिसेल याची भीती बाळगू नका. लोक लहान आकडा समजून घेतात. आपल्याला हे जमणार नाही असं मी म्हणूच शकत नाही, कारण १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात अन्न महामंडळाच्या नावावर काढली जाणारी कर्जं आपण सरकारच्या हिशेबात आणलीत. तूट वाढलेली दिसणार हे माहीत असताना आणलीत. हिशेब लिहिणारी बाई म्हणून त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं होतं. तोच नियम पॅकेजला लावा, आणि दर तीन महिन्यांनी जिल्हावार खर्च मराठीत प्रसिद्ध करा.

शहरातल्या हातावर पोट असणाऱ्यांसाठी कामांची यादी आधीपासून तयार ठेवा. सकाळी वारज्याच्या किंवा डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर जाऊन पाहिलं तर बांधकामं थंडावल्याची खबर कुठल्याही निर्देशांकाच्या आधी मिळते. दहा वाजले तरी गवंडी आणि बिगारी तिथेच उभे असतात. गावाकडे रोजगाराचा कायदा आहे, या माणसांना काही नाही. मोठे प्रकल्प त्यांच्या कामी येत नाहीत. पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं आणि पहिले टप्पे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले. मेट्रो हवीच होती, पण मंदी इतकी वर्षं वाट पाहत नाही. ओढ्यांच्या भिंती, पदपथ, महापालिकेच्या शाळांची छपरं, ड्रेनेजची झाकणं, ही कामं पंधरा दिवसांत सुरू होतात आणि त्यांतला मोठा हिस्सा मजुरीत जातो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात काय झालं ते पुणेकर विसरलेले नाहीत. ओढ्याच्या कामावर खर्च केलेला पैसा वाया गेला असं इथे कुणी म्हणणार नाही. राज्यांना ५० वर्षांसाठी बिनव्याजी कर्ज देण्याची पद्धत आपण २०२० मध्ये सुरू केलीत. मंदीच्या वर्षी त्यातला ठरावीक वाटा अशा लहान नागरी कामांसाठी राखून ठेवा.

आणि सगळ्यात आधी थकलेली बिलं द्या. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, हे २००६ चा कायदा सांगतो. केंद्र सरकार आणि सार्वजनिक उपक्रमांकडे अडकलेली बिलं ४५ दिवसांत देऊ, असं १३ मे २०२० ला आपणही सांगितलं होतं. माझ्याकडच्या वह्यांत सरकारी कामाची अशी बिलं आहेत की ज्यांचा जीएसटी कारखानदारानं कधीच भरला आणि पैसे अजून यायचे आहेत. तोपर्यंत तो सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर, व्याज भरतो. हा नवा खर्च नाही, झालेल्या कामाचं देणं आहे. ते आधी चुकतं केलंत तर त्याला नव्या कर्जाची हमी मागावी लागणार नाही. केंद्राबरोबर राज्यांनी आणि महापालिकांनीही हे करावं, अशी अट बिनव्याजी कर्जाला घाला.

पैसे आणायचे कुठून, असं आपण विचाराल. व्यवसाय कराला राज्यघटनेची वर्षाला २५०० रुपयांची मर्यादा आहे, त्यामुळे तो मार्ग राज्यांना वाढवता येत नाही. मंदीच्या वर्षापुरता, संपण्याची तारीख आधीच लिहिलेला एखादा लहान कर पगारदारांवर आणि माझ्यासारख्या व्यावसायिकांवर लावायचा झाला, तर त्याच्या बाजूनं मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलेन. अट एवढीच, की कोणत्या शहरात कोणतं काम, त्यावर किती माणसं आणि किती मजुरी, ही यादी कर लावायच्या आधी आमच्या हातात असावी.

आपली नम्र,
हिशेब लिहिणारी एक करदाती
पुणे