मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएची दुरुस्ती होते!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला मायटोकॉन्ड्रियावरचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या कणांवरचा लेख मी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपणच काहीतरी चुकीचं वाचतोय. त्यात सरळ लिहिलंय की मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएला दुरुस्तीची सोयच नसते, एकदा खराब झाला की झालाच, म्हणून रोज अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्या. मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते म्हणून हे खटकलंच, पण पत्र लिहायला बसले ते बहिणीच्या फोनमुळे. तिच्या मुलीला पोलजी, म्हणजे याच डीएनएची देखभाल करणाऱ्या एका जीनच्या बिघाडाचा आजार आहे, फिट्स येतात. रडतच म्हणाली, "ताई, दुरुस्ती होतच नाही म्हणजे सगळं संपलंच का गं?"

दुरुस्ती होते. नाही होत हा समज जुना आहे आणि तो आला कुठून तेही सांगते. 1974 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की अल्ट्राव्हायोलेट किरणांनी झालेली इजा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमधून काढली जात नाही, केंद्रकात मात्र जाते. तेवढं खरंच आहे, आजही खरं आहे. पण त्यावरून कुठलीच दुरुस्ती होत नाही असं लोकांनी धरलं आणि ते बरीच वर्षं तसंच चालत राहिलं.

आपल्या पुस्तकात जिला तंतुकणिका म्हणतात तिच्यातला डीएनए छोटा, गोल कड्यासारखा, 16,569 अक्षरजोड्या आणि 37 जीन्स. त्यातल्या एखाद्या ग्वानिनला (डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी जी) ऑक्सिजन चिकटला की ते नेहमीचं सी सोडून ए शी जोडी लावायला लागतं. तर ओजीजी-1 नावाचं एन्झाइम धाग्यातून नेमकं तेवढं बिघडलेलं अक्षर उचलून काढतं, एपीई-1 त्या रिकाम्या जागी धागा कापतं, पॉलिमरेज गॅमा तिथे बरोबर अक्षर भरतं आणि लायगेज-3 टोकं सांधतं. वर्गात मी याला रफू म्हणते, मुलांना लगेच कळतं. आणि हे सगळे कारागीर बनतात केंद्रकातल्या जीन्सवरून, बाहेरून आत पाठवले जातात.

पण दोन्ही धागे तुटले तर रफू चालत नाही. तिथे पेशी वेगळंच करते, तुटलेलं कडं सरळ मोडीत काढते. एका पेशीत अशा शेकडो ते हजारो प्रती असतात, त्यामुळे खराब प्रत फाडून टाकायची आणि चांगलीवरून नवी झेरॉक्स काढायची हे तिला परवडतं. आणि मला दरवेळी नवल वाटतं ते याचं की तुकडे खाऊन टाकायच्या कामातही तेच पॉलिमरेज गॅमा असतं. कॉपी काढणं, चूक खोडणं, तुकडे साफ करणं, तिन्हीकडे हेच एक एन्झाइम.

माझ्या भाचीचा बिघाड नेमका यातच आहे, पोलजी म्हणजे याच एन्झाइमचा जीन. तिच्या पेशींना दुरुस्तीच नाही असं नव्हे, मशीन अडखळतं आहे. 2004 साली स्वीडनमध्ये उंदरांत या एन्झाइमची फक्त चूक खोडायची शक्ती बंद केली, तर सहा महिन्यांच्या आसपासच त्यांचे केस गळायला लागले, पाठीला बाक आला आणि ते वर्षाच्या आतबाहेर मेले, एरवी उंदीर दोन वर्षं सहज काढतो. आणि पुढच्याच वर्षी कळलं की या उंदरांत ऑक्सिजनचे घातक रेणू काही वाढलेले नव्हते. अँटिऑक्सिडंट आवरतात ते याच रेणूंना. म्हणजे नुकसान कॉपीतल्या चुकांचं होतं, मग तिथे अँटिऑक्सिडंट कॅप्सूल काय करणार सांगा?

लेखात जे खरंच छापायला हवं होतं ते राहिलं. फिट्सवर व्हॅल्प्रोएट हे औषध सर्रास दिलं जातं, पण पोलजीचा दोष असलेल्या मुलांत त्याने लिव्हर अचानक निकामी होऊ शकतं, जीवही जातो. औषधाच्या माहितीपत्रकात तसा ठळक इशारा असतो. ज्या लहान मुलाला फिट्स आहेत, वाढ मागे पडतेय, जमलेलं सुटत चाललंय, त्याच्या आईवडिलांनी डॉक्टरांना विचारावं, पोलजीची टेस्ट करायची का? मात्र चालू औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नये, त्यानेही फिट्स वाढतात.

बहिणीने कॅप्सूलच्या दोन बाटल्या मागवल्या होत्या, मी फोनवरच ऑर्डर कॅन्सल करायला लावली. पण तो लेख बाकी किती घरांत वाचला गेला असेल! येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात खुलासा छापा आणि त्यात व्हॅल्प्रोएटचं नाव नक्की घ्या, ही हात जोडून विनंती.

आपली,
एक शिक्षिका, कराड