होडीवाल्या काकांना, मांद्र्याहून

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र.

मे संपत आला होता. घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची घाई, आणि १ जूनपासून मासेमारीबंदी. त्या ६१ दिवसांत किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांचं फायबरचं काम तुम्हाला उरकायचं असतं, हे ठाऊक असूनही गळक्या ट्रेलरसाठी मी तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही आलात. मी तेव्हा त्या ट्रेलरच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या खोलीच्या छपरावर होते, हातात सिलिकॉनची ट्यूब. आत पलंगाच्या वरची छताची फळी फुगून इतकी मऊ पडली होती की बोट रुतायचं. गळतं त्याच्या बरोबर वर मी सिलिकॉन थापत होते. तुम्ही छपराकडे पाहिलंही नाहीत. "बाय, पयलीं सकयल देंव," आधी खाली उतर, एवढंच म्हणालात.

मग आधी ट्रेलर माडाखालून हलवायला लावलात. चाकांखाली दगड, चारही जॅक टेकवलेले, विजेची वायर काढलेली. शिडीचा पाय उंचीच्या एक चतुर्थांश बाहेर, वरचं टोक दोराने बांधलेलं. छपरावर प्लायवूडचा तुकडा टाकून गुडघ्यांवर काम करायचं, कडेकडे पाठ करायची नाही, खाली एक माणूस हवाच. दव सुकल्यावर चढायचं आणि ऊन चटके देऊ लागलं की उतरायचं. माझे यजमान तेव्हापासून शिडी सोडून हलत नाहीत.

गळती शोधायची तुमची रीत मी जन्मभर विसरणार नाही. मी आत टॉर्च घेऊन, तुम्ही बाहेर पाइप घेऊन. खालून सुरुवात, एका जागी पाच-सात मिनिटं, मग थोडं वर. खिडकी झाली, कोपऱ्याची पट्टी झाली, काहीच नाही. व्हेंटच्या, म्हणजे छपरावरच्या हवेच्या झरोक्याच्या चौकटीवर पाणी सोडलंत आणि थोड्या वेळाने पलंगावर थेंब आला, व्हेंटपासून चांगला तीन हात लांब! पाणी आतल्या पट्टीवरून वाहत येत होतं.

माझं सिलिकॉन खरवडण्यात दोन सकाळी गेल्या. त्याचा पातळ थर जरी राहिला तरी वर दुसरं काही चिकटत नाही, म्हणून तुम्ही नखाने तपासून मला पुन्हा पुन्हा बसवलंत. स्क्रू ड्रायव्हर हातातून काढून प्लास्टिकची पट्टी दिलीत, फायबरला ओरखडा नको म्हणून. मग स्पिरिटने पुसणं, चौकटीखाली ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी), खाऱ्या वाऱ्यात गंजू नयेत म्हणून स्टेनलेसचे स्क्रू, आणि कडांवर व स्क्रूंच्या डोक्यांवर पॉलियुरेथेनचा सीलंट. फुगलेली फळी काढून आतली लाकडी चौकट पूर्ण वाळू दिल्याशिवाय नवी बसवू दिली नाहीत. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. हे तुमचं मोठं देणं.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस रात्री दोनच्या सुमारास आला. मी टॉर्च घेऊन ट्रेलरमध्ये गेले, व्हेंटभोवती, पट्टीवर, नव्या फळीवर तळवा फिरवला. कोरडं. छपरावर एवढा आवाज होता की यजमानांना ओरडून सांगावं लागलं.

पावसानंतर, दिवाळीआधी सगळे सांधे पुन्हा बघायचे, असं तुम्ही बजावलंय. त्या दिवशी जेवायलाच या. वर मी चढेन, शिडी तुम्ही धरा.

तुमची,
मांद्र्याची बाय