झटका बरा होतो, दमा तसाच राहतो: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. जूनमध्ये शाळा भरते, त्याच सुमारास पाऊस लागतो आणि पटावरची काही नावं गैरहजर दिसू लागतात. बहुतेक नावं गेल्या पावसाळ्यातलीच. भिंतींवरची बुरशी, ओल्या लाकडांचा धूर, वर्गात एकाची सर्दी सगळ्यांना. बाळदम्याच्या मुलाला एवढं पुरतं.

तिसरीतल्या एका मुलाच्या आईने मला त्याची डिस्चार्ज कार्डं दाखवली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. प्रत्येकावर तेच निदान, श्वसनमार्गाचा संसर्ग. वाफ दिली, सलाइन लावलं, अँटिबायोटिक दिलं, घरी सोडलं. डॉक्टर तोंडी ‘बाळदमा आहे, थंड देऊ नका’ असं सांगायचे, पण कागदावर दम्याचं नाव कुठेच नाही. रोजचा पंप, म्हणजे तोंडाने ओढायच्या औषधाचा इनहेलर, लिहून दिलेला नाही. पुन्हा धाप लागली तर घरी काय करायचं, याची एक ओळही नाही. अख्खा वॉर्ड एकट्याने सांभाळणाऱ्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. दोष व्यवस्थेचा आहे, म्हणून पत्र आपल्याला.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आतून आलेली सूज. झटक्यात देतात त्या साल्ब्युटामॉल या औषधाने नळ्या काही तास मोकळ्या होतात, सूज उतरत नाही. त्यासाठी बुडेसोनाइडसारखं औषध थोड्या मात्रेत नियमित ओढावं लागतं. ही दोन्ही औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या दवाखान्यांत उपचारही मोफत झाले. तरी आमच्याकडचे पालक रोजचा पंप औषधाच्या दुकानातूनच आणतात, आणि मूल जरा बरं वाटलं की ‘सवय लागेल’ म्हणून तो बंद करतात. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक आपल्याकडचे, असा जागतिक अंदाज आहे. ही तफावत रोजच्या पंपाअभावी आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आता नेब्युलायझरचं, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या विजेच्या यंत्राचं. पावसात आमच्याकडे वीज किती टिकते, हे आपण जाणताच. पंपाला स्पेसर, म्हणजे फवारलेलं औषध ओढेपर्यंत धरून ठेवणारी पोकळ नळी, लावून दिलेलं साल्ब्युटामॉल बहुतेक मुलांच्या झटक्यात नेब्युलायझरइतकंच काम करतं आणि त्याला वीज लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा स्पेसरही विकतच्या स्पेसरइतका उपयोगी पडतो. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरी जाणाऱ्या मुलाच्या हातात स्पेसर का नसावा?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा हा आजार आहे. पण पथक कोरड्या दिवसांत आलं, तर त्या दिवशी मुलाची छाती स्वच्छ असते आणि ते सुटून जातं. माझं हजेरीपत्रक मात्र सगळं सांगतं. पथकाने ते मागावं, पावसाळ्यात पुन्हा पुन्हा गैरहजर राहिलेली मुलं आधी तपासावीत. आम्ही शिक्षक आनंदाने बसून नावं काढून देऊ.

रुग्णालयांकडून आपल्याकडे किती मुलं दाखल झाली याची बेरीज येते. त्यात तेच मूल पुन्हा आलं का, हे दिसत नाही. वर्षात दुसऱ्यांदा धाप लागून आलेल्या प्रत्येक मुलाची वेगळी नोंद ठेवावी. दम्याचं निदान झालं असेल तर डिस्चार्ज कार्डावर दमाच लिहावा, आणि रोजचा पंप, स्पेसर आणि मराठीत लिहिलेल्या सूचना दिल्याशिवाय मुलाला घरी सोडू नये. पंप ओढायचा कसा, हे नर्सताईंनी आईसमोर मुलाकडून एकदा करून घ्यावं. आमच्या आशाताईंनाही ते शिकवावं, घरोघर त्याच जातात.

यासाठी बुडेसोनाइड आणि स्पेसर यांचा साठा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मे महिना संपायच्या आत पोहोचेल, असे आदेश द्यावेत, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग