ग्लासगोहून घरी: असईचा साहेब इथे भेटला

ती. अण्णा व ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जाड स्वेटर घेतलंय, दोन्ही वेळा घरीच रांधून खातो. बातम्यांतला बर्फ पाहून आईने घोर लावून घेऊ नये. तो वर डोंगरात पडतो, शहरात नुसती रिपरिप.

अण्णा, तुमच्या असईच्या लढाईत शिंद्यांशी लढलेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली इथे माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. कलादालनासमोर घोड्यावर बसलेला पुतळा, १८४४ सालचा. आणि डोक्यावर काय? रस्ता खणला की ठेवतात तो नारिंगी प्लॅस्टिकचा कोन! १९८० च्या दशकापासून हेच चाललंय. नगरपालिका काढते, पुन्हा कोणीतरी रातोरात चढून ठेवतो. २०१३ मध्ये चौथराच उंच करायचं घाटत होतं, तर हजारोंनी सह्या करून ते हाणून पाडलं. बरं, राग म्हणून नाही हं. दुकानांत त्या कोनासकट साहेबाची पोस्टकार्डं विकतात. आपल्याकडे एवढ्यावर गाव बंद झालं असतं.

ऑफिसातल्या एकाला विचारलं, याने काय केलं? म्हणाला, वॉटर्लू. असई त्याच्या गावीही नाही, आणि चौथऱ्यावर ब्राँझमध्ये कोरलीय तीच! मग तुमची गोष्ट सांगितली. वाटाड्ये म्हणत होते केळणा नदी ओलांडायला उतार नाही, पण याला पिंपळगाव आणि वरूड समोरासमोरच्या काठांवर दिसले. दोन गावं इतकी जवळ, म्हणजे येणंजाणं असणारच, हा त्याचा हिशेब. उतार निघाला. २३ सप्टेंबर १८०३. पण शिंद्यांच्या तोफांनी त्याचीही दीड हजारांवर माणसं मारली नाहीतर जायबंदी केली, मैदानात होती साडेचार हजारांच्या आसपास. त्यात ७४ वी पलटण स्कॉटिशच, ती जवळजवळ कापली गेली. हे ऐकून गडी गप्प झाला. म्हातारपणी साहेबाला विचारलं, लढाईतलं तुमचं सर्वांत चांगलं काम कोणतं, तर वॉटर्लू नाही, असई म्हणाला.

तेव्हा 'तिकडे आपल्याला कमी लेखतात का' हे परत परत विचारू नका. नेपोलियनला हरवून पुढे पंतप्रधान झालेल्याला हे लोक सोडत नाहीत, माझं काय घेऊन बसलात. रात्री उशिरा मी बाहेर नसतो. पुतळ्यावर चढलेलो नाही, हेही आईला सांगा.

आई, स्थळाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही, पण बोलल्याशिवाय होही म्हणणार नाही. याच साहेबाला किटी पॅकनहॅमच्या घरच्यांनी आधी नाकारलं होतं. हिंदुस्थानात नाव काढून परतला आणि कित्येक वर्षं न पाहिलेल्या त्याच मुलीशी १८०६ मध्ये लग्न केलं. जन्मभर पटलं नाही दोघांचं. म्हणून म्हणतो, आधी व्हिडिओ कॉल ठरव.

या महिन्यात पैसे थोडे कमी आलेत, घरभाडं वाढलं. विहिरीचं काम थांबवू नका, मोटरीचा हप्ता मी भरतो. ताईच्या वास्तुशांतीला मात्र जमणार नाही. रजा मिळतेय, पण तिकिटाच्या पैशांत तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि ते आधी. ताईला मीच फोन करीन, तोवर तिच्याजवळ बोलू नका.

तुमचा,
बंडू